लसणाचा वाडगा

लग्नात आलेल्या एकोणीस स्टीलच्या भांड्यांत
हा एकटाच फुटणारा.
यांच्या ऑफिसातल्या तळपद्यांनी दिला होता,
फोर्टात, जाहिरातींच्या कंपनीत चित्रं काढायचे ते.
वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुतळी बांधून.
चिठ्ठी नाही, अकरा रुपयांचं पाकीट नाही.
सासूबाई म्हणाल्या,
फुटणारं कुणी देतं का लग्नात?

आणि चित्र तरी काय!
फूल नाही, वेल नाही, मोर नाही.
तिरक्या काळ्या रेघा, बोंबलाच्या काट्यासारख्या,
त्रिकोण, जे पुरते मिटत नाहीत,
आणि एक चौकोन,
ज्याचा मातकट रंग रेघेबाहेर सांडलेला.
मजल्यावरच्या कोठाऱ्यांची सून म्हणाली,
शाळेतल्या पोरानं काढलंय.
मी हसले. मलाही तसंच वाटलं होतं.

मग बेचाळीस वर्षं त्यात लसूण.
माहीमच्या या दोन खोल्यांत, फ्रिजच्या डोक्यावर,
सालपटं, एखादी कोंब आलेली पाकळी,
रबरबँड, रॉकेलची जुनी पावती.
स्टीलची एकोणीस कधीच गेली,
काही मोडीत, काही नणंदेकडे,
एकातून शिरा पाठवला, ते परतच आलं नाही.
फुटणारा तेवढा राहिला.

गेल्या मंगळवारी डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला.
बुधवारी पट्टी निघाली.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काकू, निळं जरा जास्त निळं दिसेल हं.
मला वाटलं, धीर द्यायला म्हणतात.

घरी आले. आमटीच्या फोडणीला म्हणून
हात वर केला
आणि हात तिथंच.

तो चौकोन निळा होता.
दौत उपडी व्हावी तसा निळा.
उजवा डोळा झाकला: निळा.
डावा झाकला: चहाचा डाग.
पुन्हा उजवा. पुन्हा डावा.
तेल तापून धुरावलं.

गॅस बंद केला. लसूण ओट्यावर ओतला,
वाडगा साबणानं धुतला, मग नुसत्या पाण्यानं,
आणि खिडकीशी नेला.
तेव्हा कळलं, रंग सांडलेला नाहीच.
आधी रंग ठेवलाय, रुंद कुंचल्यानं, एका दमात,
मग रेघ आलीय, त्याला न विचारता,
त्याच्या अंगावरून, थोडी बाजूनं, आपल्या वाटेनं.
हे आणि मी या एवढ्याशा ओट्याशी वावरायचो तसं,
न जुळता,
आणि धक्का न लावता.

उलटा केला.
वाडगा कारखान्याचा, हजारांतला एक, शिक्का आहे.
शिक्क्याशेजारी कुंचल्यानं एक बारीक त
आणि ८१.

म्हणजे विकत आणला नव्हता.
म्हणजे ऑफिस सुटल्यावर कुठेतरी बसून
त्या लांबट माणसानं, चष्मा कपाळावर सारून,
आमच्यासाठी.
आभाराचं कार्ड आम्ही सगळ्यांना धाडलं, त्यांनाही,
छापील.
तळपदे ब्याण्णवला गेले. हे जाऊन आले.
मला काय, माझी ओळख नव्हती.

आता दिवसातून चारदा थेंब.
एक घातला की पाच मिनिटं डोळे मिटायचे, मग दुसरा.
त्या पाच मिनिटांत वाडगा मांडीवर.
काळी रेघ बोटाला लागते, किंचित उंच.
काठाभोवती फिरते, फिरते,
आणि निघाली तिथं पोचायच्या आधी
तांदळाच्या दाण्याएवढी जागा सोडून थांबते.
चुकली असेल असं आता वाटत नाही.
तिथं बोट ठेवून बसते मी. खालून
भंगारवाला ओरडत जातो. त्याला काही द्यायचं नाहीये.

लसूण सध्या प्लास्टिकच्या डब्यात आहे, घामेजतो.
उजव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात.
डॉक्टरीणबाईंना विचारणार आहे,
थोडं लांबवता येईल का?
एका डोळ्यात
तो जुना वाडगा असू दे अजून काही दिवस.